थोरलीचं पासिंग

घरात तिला धाकटी म्हणायचे. मग थोरली कुठे आहे, असं कुणी विचारलं की आई खिडकीतून बाहेर बोट दाखवायची. बाहेर आप्पांचा ट्रक उभा असायचा. धाकटीच्या जन्माआधी तो घरात आला, म्हणून तो थोरली. लोखंडाच्या धुडाला पहिला मान देऊन पोटच्या पोरीला दुसरा नंबर द्यायचा, हे आप्पांनाच सुचू जाणे. आणि आईने ते जन्मभर हसून खपवून घेतलं, हे आईलाच जमू जाणे. पुढे एक भाऊ झाला, शेंडेफळ. तो शिकला, दूर गेला आणि तिथून फोनवर उंटावरून शेळ्या हाकू लागला.

धाकटी आता पन्नाशीला टेकली होती. ती शहरात बस चालवायची. दिवसभर पाठीमागे माणसं कोंबलेली, प्रत्येकाला घाई, आणि प्रत्येकाच्या मते उशीर होतोय तो चालवणारीमुळेच. ड्युटी संपली की तिचे खांदे तिला परक्याचे वाटायचे. आठवड्याची एक सुट्टी, तीही गेले कित्येक महिने कुठल्या ना कुठल्या ऑफिसच्या बाकावर जात होती, आणि सगळं थोरलीपायी.

आप्पांनी धंदा सोडल्यापासून ट्रक एका गोदामामागच्या आवारात उभा होता. आता जागामालकाने आवार विकलं. त्याने सगळ्यांना निरोप धाडला की ज्यांच्या गाड्या चालू आहेत आणि कागद ठीक आहेत त्यांनी त्या महिनाअखेर हलवाव्यात, उरलेलं सगळं क्रेनने उचलून भंगारात जाईल. माणूस वाईट नव्हता. पण विकत घेणाऱ्याला जागा मोकळी हवी होती, आणि मोकळी म्हणजे मोकळीच. फिटरने आपल्या शेडमध्ये कोपरा देऊ केला. त्याचे आणि आप्पांचे जुने संबंध. पण बिनकागदाची गाडी शेडमध्ये ठेवून त्याने एकदा दंड भरला होता आणि कानाला खडा लावला होता. आधी कागद, मग कोपरा, असं त्याने आप्पांच्या तोंडावर सांगितलं.

आणि थोरलीचे कागद तर कधीच संपले होते. एवढ्या जुन्या गाडीला मालवाहतुकीचा परवाना आता कुणी देणार नव्हतं.

शेंडेफळ म्हणाला, विकून टाक, हत्ती कशाला पोसायचा. बोलायला काय जातंय. आई गेल्यापासून आप्पा घरात फक्त ‘हं’ आणि ‘हूं’ करायचे, ते त्याला फोनवर ऐकू येत नव्हतं. सकाळची न्याहारी झाली की आप्पा काठी टेकत आवारात जायचे आणि केबिनमध्ये चढून बसायचे. काच पुसायचे, स्टिअरिंगवर हात ठेवायचे आणि माणसात यायचे. धाकटी दुपारी डबा घेऊन गेली की तिथे तिला भलताच माणूस भेटायचा. घाटातल्या गोष्टी सांगणारा, आईची नक्कल करणारा, तिला ‘खाल्लंस का गं’ विचारणारा. संध्याकाळी घरी आले की पुन्हा ‘हूं’. ट्रक भंगारात गेला तर आप्पा अंथरूण धरतील आणि धरलेलं सोडायचे नाहीत, हे सांगायला डॉक्टर लागत नव्हता. धाकटीचे वडील त्या केबिनमध्ये राहत होते. केबिन गेली की तेही जाणार होते.

म्हणून ती बाकावर बसत होती.

एक वाट निघाली. जुन्या गाड्यांसाठी एक हौशी वर्ग असतो, हे तिला नोंदणीच्या ऑफिसातल्या एका भल्या माणसाने सांगितलं. तुमची गाडी तुम्ही जपायची, सुट्टीच्या दिवशी बाहेर काढायची, प्रदर्शनात न्यायची. मात्र माल भरायचा नाही, स्वतःचाही नाही. हौदा कायम रिकामा. आणि त्याआधी विमा लागेल. विम्याच्या ऑफिसात गेली तर ते म्हणाले, आधी नोंदणी लागेल. कोंबडी आधी की अंडं आधी, यात दोन महिने गेले. तिच्या नाकी नऊ आले. शेवटी एक विमावाला भेटला, तरुण, गुळगुळीत दाढीचा, पण मनाने बरा. त्याने तोड काढली: तपासणीच्या एका दिवसापुरता तात्पुरता विमा. त्या दिवशी गाडी पास झाली तर पुढे कायमचा. नाही झाली तर पुन्हा पहिल्यापासून.

पण त्याला आधी गाडी आणि मालक दोन्ही बघायचे होते. तो आवारात आला, त्याने फोटो काढले, थोरलीचं कौतुक केलं. मग त्याने आप्पांना विचारलं की या गाडीचा वापर तुम्ही कशासाठी करणार.

“माल न्यायला,” आप्पा म्हणाले.

विमावाल्याने धाकटीकडे पाहिलं. धाकटीने आभाळाकडे पाहिलं. पोराने धीर सोडला नाही. आजोबा, तसं नाही चालायचं, ही आता हौशी गाडी, फक्त फिरायला, असं त्याने समजावून सांगितलं. आप्पांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने नांगर फिरायला न्यायला सांगितलं होतं. ट्रक घेऊन फिरायला जायचं, आणि हौदा रिकामा? आयुष्यात रिकामी फेरी त्यांनी कधी केली नव्हती. जाताना माल, येताना माल. येताना मिळाला नाही तर तिथेच दोन दिवस थांबायचं, पण रिकामं परतायचं नाही. धाकटीचे लहानपणचे किती वाढदिवस त्या परतीच्या मालापायी हुकले होते, ते आप्पांच्या लक्षातही नसेल. तिच्या होतं.

तिने मध्ये पडून सांगितलं की नाही, माल नाही, फक्त फिरायला. विमावाल्याने तेवढंच लिहून घेतलं.

दुसरी अडचण त्याहून नाजूक. आप्पांची नजर अधू झाली तसं त्यांचं लायसन्सही गेलं होतं, आणि हौशी वर्गात अवजड गाडी ज्याच्या नावावर, त्याच्याकडे ती चालवायचं लायसन्स हवं. घरात तसं लायसन्स एकट्या धाकटीचंच. म्हणजे थोरली धाकटीच्या नावावर करायची. हे कसं सांगायचं या विचारात तिने आठवडा घालवला. सांगितलं तेव्हा आप्पा उठून आत गेले. धुतलेला सदरा घालून आले आणि जिथे तिने बोट ठेवलं तिथे सही केली. मग पेन तिच्याकडे न देता टेबलावर ठेवलं.

त्यानंतर तिने थोरली आवारातल्या आवारात एकदा फिरवून पाहिली. बसची सवय असल्याने तिला वाटलं होतं, त्यात काय. पण रिकामी थोरली चालेना, उडायला लागली. एवढ्याशा खड्ड्यावर मागची चाकं अशी उधळली की धाकटीचं कोपर दारावर आपटून काळंनिळं झालं. ब्रेक दाबला तर गाडीचं ढुंगण एका बाजूला सरकलं. उतरल्यावर तिने कोपर चोळत, सगळा जन्म हिचा लाड झाला आणि अजून लाथा मारतेय, असं काहीतरी म्हटलं. आप्पा बाजूला उभे होते. त्यांनी कोपराकडे पाहिलं, ‘हूं’ म्हणाले आणि फिटरशी काहीतरी बोलायला गेले.

तपासणीचा दिवस तिच्या सुट्टीचाच निघाला. दुसरा कुठला असणार. सकाळी ती आवारात पोचली तेव्हा आप्पा आधीच क्लीनरच्या सीटवर बसले होते. त्या बाजूला बसलेले आप्पा तिने कधी पाहिले नव्हते. ते तिथे लहान दिसत होते. हौद्यात ताडपत्री ताणून बांधली होती. आप्पांचा नीटनेटकेपणा, म्हणून तिने लक्ष दिलं नाही. तेवढं लक्ष द्यायचं त्राणच नव्हतं.

आणि थोरली शहाण्यासारखी चालली. खड्डे गिळले, वळणं घेतली, ब्रेकला जागेवर थांबली. फिटरने स्प्रिंगा दुरुस्त केल्या असतील, असं तिला वाटलं. तिने आप्पांना विचारलंही. आप्पा खिडकीबाहेर पाहत होते. कितीतरी दिवसांनी तिला जरा बरं वाटलं. आज संपेल, ती मनात म्हणाली, घरी जाऊन मी आडवी होईन आणि कुणी हाक मारली तरी उठणार नाही.

तपासणीस तिच्याएवढाच थकलेला होता. चष्मा कपाळावर, हातात कागद लावलेली पाटी, बुटांवर धूळ. त्याने चासीचा नंबर घासून ताडून पाहिला, दिवे लावून पाहिले, भोंगा वाजवून पाहिला. सगळं ठीक. मग तो मागे गेला आणि फाळका खाली घ्यायला सांगितला.

“रिकामाच आहे, साहेब,” धाकटी म्हणाली आणि फाळका पाडला.

तपासणीसाने ताडपत्रीचं टोक उचललं. खाली पोती होती. वाळूची पोती, मागच्या चाकांच्या बरोबर वर, एकाला एक लावून, शिवून.

त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला. हा माल कुणाचा, कुठून आला आणि कुठे चाललाय, असं त्याने विचारलं. आवाज चढवला नाही. भरलेली गाडी हौशी वर्गात पास करता येत नाही, एवढंच सांगितलं. ऑफिसची खिडकी बंद व्हायच्या आत रिकामी करून आणली तर ब्रेकची चाचणी घेईन, नाहीतर नवी तारीख घ्या. नवी तारीख म्हणजे हंगाम उलटणार, आणि आवार महिनाअखेर मोकळं होणार होतं. आजचा विमा तर आजच संपणार होता. पाटी काखेत मारून तो पुढच्या गाडीकडे गेला.

धाकटी फाळक्याला टेकून उभी राहिली. तिच्या डोक्यात तिडीक गेली. इतके महिने, इतकी बाकं, एवढ्या सह्या, आणि या माणसाने, ज्याच्यासाठी सगळं केलं त्याच माणसाने, वाळू भरून आणली. रिकामी फेरी करवत नाही म्हणून. परतीच्या मालाची सवय जात नाही म्हणून. आणि त्या संतापाच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती, ती तिला स्वतःलाही नीट पाहवेना: सुटका. सुंठीवाचून खोकला जात होता. तिला काही करावंच लागणार नव्हतं. इथेच बसायचं, खिडकी बंद होऊ द्यायची, आणि जन्मभर म्हणायचं की मी केलं होतं हो सगळं, आप्पांनीच घालवलं. शेंडेफळानेही हेच म्हटलं असतं. कुणी तिला बोल लावला नसता.

आप्पा काठी टेकत मागे आले होते. तिने त्यांच्याकडे न पाहता विचारलं.

“का केलंत, आप्पा? माल नको म्हणून किती वेळा सांगितलं होतं.”

“माल नाही तो.”

“मग काय आहे?”

आप्पा पोत्यांकडे पाहत राहिले. “वजन आहे. थोरली रिकामी असली की लाथा मारते. तुझं कोपर बघितलं मी.” मग म्हणाले, “मी चालवत असतो तर नसती घातली. मला तिची सवय आहे.”

धाकटी वळली. हौद्यात चढली आणि पहिलं पोतं ओढलं. ते अर्धंच भरलेलं होतं. पुढचंही अर्धं. सगळी अर्धीच. भरलेलं पोतं आता आप्पांना उचलत नव्हतं, म्हणून त्यांनी जितकं पेलतं तितकं भरलं होतं आणि दुप्पट पोती केली होती. वरची शिवण त्यांचीच, ताडपत्रीच्या जाड दोऱ्याची. नजर अधू, म्हणून टाके वाकडे. ती कामावर असताना दुपारदुपार बसून शिवली असणार. फिटरने वर चढवायला हात दिला असेल, पण शिवण दुसऱ्या कुणाची नव्हती.

जन्मभर दुसरा नंबर लागलेल्या बाईला रडू यायला एवढं पुरेसं होतं, आणि तिला आलंच. पण रडत बसायला वेळ कुठे होता. एका हाताने नाक पुसत तिने पोती फाळक्याशी ओढली आणि खाली सोडली. आप्पांना तिने बसायला सांगितलं. ते बसले नाहीत. खाली पडलेली पोती काठीच्या टोकाने भिंतीशी सरळ लावत राहिले. तिचे खांदे भरून आले, पाठ बोलायला लागली, कपड्यांत वाळू गेली. शेवटचं पोतं उतरलं तेव्हा खिडकीपाशी माणसं पांगायला लागली होती. तपासणीस शिक्क्यांचा डबा बंद करून निघायच्या बेतात होता. त्याने तिच्या अवताराकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, आणि पाटी पुन्हा उचलली.

चाचणीला एक सरळ पट्टा होता, दोन्ही बाजूंना पांढऱ्या रेघा. वेग घ्यायचा, खुणेपाशी ब्रेक मारायचा, आणि गाडी रेघांच्या आत थांबली पाहिजे. आप्पांना गाडीत बसायची परवानगी नव्हती. ते तिच्या खिडकीखाली आले.

“एकदम दाबू नकोस. थोडा दे, सोड, परत दे. ती ऐकते, पण दरडावलेलं ऐकत नाही.”

“आणि लाथ मारली तर?”

“मारणारच. मारू दे. तू सोडायचा तेव्हा सोड.”

तिने थोरली पट्ट्यावर घातली. लगेच थोरलीने आपले गुण उधळले. हौदा खडखडायला लागला, सीट वर येऊन आपटली, कोपर पुन्हा जिथे लागलं होतं तिथेच लागलं. खूण आली. तिचा पाय सवयीने दाबायला गेला, बससारखा, जोरात. तिने तो आवरला. थोडा दिला. ढुंगण हललं. सोडला. परत दिला. सोडला. थोरली कुरकुरत, मागून थोडी नाचत, पुढे पुढे जाऊन उभी राहिली. मागचं चाक रेघेला चिकटून होतं, पण आत होतं.

तपासणीसाने वाकून पाहिलं आणि शिक्का मारला. विमावाल्याला फोन गेला, त्याने अभिनंदन केलं आणि कायमचा विमा करून टाकला. अट पुन्हा वाचून दाखवली: माल नाही. धाकटीला आनंद व्हायला हवा होता. तिला फक्त बसावंसं वाटत होतं.

पण हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. फाटकावरचा रखवालदार म्हणाला की ही पोती इथे ठेवून जाता येणार नाहीत. धाकटीने थोरलीच्या रिकाम्या हौद्याकडे पाहिलं. मग हातातल्या कागदाकडे. त्याची शाईही वाळली नव्हती. मग तिने टेम्पो बोलावला.

टेम्पोवाला आला, पोती पाहिली, त्यांच्या शेजारी उभा असलेला प्रचंड ट्रक पाहिला, आणि डोकं खाजवलं. ताई, हा एवढा मोठा रिकामा उभा आहे, मग मला कशाला बोलावलंत? धाकटीने सांगितलं की हा हौशी आहे, फक्त फिरतो. टेम्पोवाल्याने आणखी विचारलं नाही. शहाणी माणसं विचारत नाहीत. पोती मात्र त्याने भराभर चढवली. आप्पा बाजूला उभे राहून बघत होते. आपल्या गाडीचा माल दुसऱ्याच्या गाडीत चढताना त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असेल. एक पोतं फाटलं होतं. त्यातली वाळू त्यांनी जमिनीवर ओतून टाकली, पोतं झटकलं, घडी घातली आणि थोरलीच्या दाराशी, जिथे धाकटीचं कोपर यायचं तिथे, आतून खोचून दिलं. मग फेरा घालून क्लीनरच्या बाजूने वर चढायला लागले. तिने वरून हात दिला.

फिटरच्या शेडकडे जायचा रस्ता लांबचा होता. पुढे थोरली, मागे टेम्पो. ऊन कललं होतं. रिकामी गाडी दणके देत होती आणि प्रत्येक दणका तिच्या पाठीत जात होता. कोपर मात्र पोत्यावर येत होतं. तिला कधी एकदा घरी पोचते असं झालं होतं. उतार लागला तशी तिने गाडी सोडली. पळू दे, ती मनात म्हणाली.

बराच वेळ आप्पा बाहेर पाहत होते. तिला वाटलं, रस्ता बघताहेत. मग तिच्या लक्षात आलं की ते रस्ता बघत नाहीत, आरसा बघताहेत. डोळे बारीक करून, मान थोडी वाकडी करून, जसे ते जन्मभर वळणा-वळणाला मागचा दोर सैल झाला का ते पाहायचे, तसे. आरशात तो एवढासा टेम्पो मागे मागे पडत चालला होता.

“हळू घे गं,” आप्पा म्हणाले. “मागे आपला माल आहे.”

धाकटीने पाय उचलला. ब्रेक थोडा दिला, सोडला, परत दिला. थोरलीने वेग टाकला. आरशातला टेम्पो हळूहळू मोठा झाला, तसे आप्पा सीटला टेकले. आणि मग, कुणी काही न विचारता, या उतारावर एकदा थोरलीचा ब्रेक कसा तापला होता ते सांगायला लागले. धाकटीने ती गोष्ट कितीदा ऐकली होती. तिने अजून थोडा वेग कमी केला.